चांदणी न लावलेलं घर

जळगाव,
२५ नोव्हेंबर २०२५

ती. सुनंदाअक्कास,
धाकट्या नवीनचा सप्रेम सलाम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं मात्र सगळ्या कॉलनीला ऐकू जातं, असं सूनबाई मोहिनी म्हणते. तेव्हा आपलं पत्रच बरं.

येत्या रविवारी तुझ्या दारावर नाताळची चांदणी लावायला धुळ्याला यायचं, पण यंदा जमेलसं दिसत नाही. माझ्या कुंदनला सुट्टी नाही आणि एस.टी.त बसलो की माझी कंबर धरते. प्रभूच्या आगमनाचा पहिला रविवार हुकला म्हणून काही बिघडत नाही, गल्लीतल्या कुणाकडून तरी लावून घे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सव्वीस डिसेंबरच्या वनभोजनाला मात्र तुला न्यायला येणार म्हणजे येणार. दरवर्षीसारखं भडगावला, मावसभाऊ जीवरामच्या मळ्यात, गिरणेच्या काठी भरीत. छोटी नात ऋतिका तुझी आठवण काढते.

तुझी माया आहेच, ती तशीच असू दे.
तुझा,
नवीन

धुळे,
३ डिसेंबर

चि. नवीनास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर सांभाळ. पासष्टीत तुझी कंबर धरते आणि मी अठ्ठ्याहत्तरीत करंज्या लाटत बसले आहे, म्हणजे आईने दूध कुणाला जास्त पाजलं ते कळलं.

गल्लीतल्या कुणाला सांगू? पोरं बठ्ठी पुण्या-नाशकाला नोकरीला गेली. उरलेल्यांत तरणी म्हणावी तर समोरची धुरपदाबाई, आणि तिचे गुडघे पायरी चढतानाच कुरकुरतात. राहू दे पेटीत. तुझे दाजी गेले त्या साली तेवढी चांदणी लावली नव्हती. दुःखाच्या घरावर लावत नाहीत म्हणून. त्यानंतर दरवर्षी तूच लावलीस.

जीवरामला निरोप दे की वांगी कापसाच्या काड्यांवरच भाज. गेल्या साली घाईने गॅसवर भाजली आणि भरताला चवच आली नाही. ऋतिकासाठी शेंगदाण्याचे लाडू केले आहेत. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, तुम्ही हॉर्न वाजवायचा अवकाश. मला ऐकू येणार नाही ते निराळं, पण मी दारातच बसलेली असेन.

अक्का

जळगाव,
१७ डिसेंबर

ती. अक्कास, सप्रेम सलाम.

कसं लिहू कळत नाही. यंदा मळ्यातलं भरीत रहित झालं. कुंदनचे सासू-सासरे नाताळला येताहेत, म्हणून त्याने चाळीसगावच्या पुढे एका रिसॉर्टमध्ये बेत केला आहे. गाडीत अगदी जागा नाही. शिवाय तिथे पायऱ्या फार, थंडी, आणि गाण्यांचा गोंगाट. तुला त्रासच झाला असता. नव्या वर्षात मी सवडीने येऊन जाईन.

मनात काही ठेवू नकोस. लाडू ऋतिकासाठी राखून ठेव.

नवीन

धुळे,
२७ डिसेंबर

चि. नवीनास, अ. आ.

तुमची सहल छान झाली असेल. इकडे एक गंमत झाली. आधी हसून घे, मग पुढचं वाच.

चोवीसला दिवेलागणीला चर्चची गायनमंडळी दारोदार नाताळची गाणी म्हणत आली. ढोलकी वाजली की मला पायाखालच्या फरशीतून कळते. यंदा काही कळेना. म्हटलं, बहिरेपण वाढलं. त्यांच्या रुपचंद मास्तरांचे ओठ हलत होते आणि बाकीचे मान खाली घालून उभे. मी नव्या पांढऱ्या लुगड्यात हसत उभी, बोटांनी ताल धरून. करंज्या पुढे केल्या तर कुणी घेईना, मग मीच एकेकाच्या हातात कोंबल्या.

नाताळच्या सकाळी धुरपदाबाई पिठलं-भाकरी घेऊन आली. मयताच्या घरी शेजारी कडू घास आणतात ना, तसा. तेव्हा उलगडा झाला. दारावर चांदणी नाही, दरवर्षी लावणारा भाऊ यंदा फिरकला नाही, म्हणजे तोच गेला, असं गल्लीने धरलं. मंडळीने ढोलकी बाजूला ठेवून मयताचं गीत म्हटलं होतं, आणि मी हसले ते धक्क्याने, असं सगळ्यांना वाटलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहवत नाही. धुरपदाने मला पोटाशी धरलं. आम्ही बठ्ठा शेतस ना, सगळे आहोत ना, असं कानाशी तोंड नेऊन म्हणत राहिली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की बाई, माझा भाऊ ठणठणीत आहे, उद्या सहलीला चालला आहे. सांगितलं नाही. मीही रडले, पोटभर रडले. मला कुणी असं जवळ घेऊन फार दिवस झाले होते, म्हणून सोडवेना. प्रभूच्या जन्मदिवशी मी जित्या भावाला मेलेला राहू दिला, नवीन.

मग डोळे पुसून सांगितलं की भाऊ बरा आहे, चांदणीचा बल्ब गेला म्हणून लावली नाही. हेही खोटंच. उपासनेत मान वर करता आली नाही. मला क्षमा कर.

अक्का

जळगाव,
३० डिसेंबर

ती. अक्कास, साष्टांग सलाम.

तुझं पत्र घरात मोठ्याने वाचत होतो. जित्या भावाच्या ओळीपाशी आलो आणि पत्र मोहिनीकडे दिलं. उरलेलं तिने वाचलं. कुंदन उठून गच्चीवर गेला, अजून खाली आलेला नाही.

गाडीत जागा होती, अक्का. मागच्या सीटवर गाण्यांचा स्पीकर ठेवला होता. आत्याशी ओरडून बोलावं लागतं, सासरच्या माणसांत बरं दिसत नाही, असं कुंदन म्हणाला आणि मी त्याला एका शब्दाने अडवलं नाही. कंबरही धरली नव्हती. यायचा कंटाळा आला होता. रिसॉर्टात भरीत होतं, ते ताटात तसंच राहिलं.

तू खोटं रडलीस असं मनात आणू नकोस. यंदाच्या नाताळात तुला भाऊ नव्हता. ते गल्लीला कळलं, मला कळलं नाही.

रविवारी, चार तारखेला, आम्ही सगळे धुळ्याला येतो. वांगी आणि काड्या जीवरामकडून घेऊन येतो, भरीत तुझ्या अंगणात करू. रुपचंद मास्तरांना, मंडळीला आणि धुरपदाबाईंना जेवायला सांगून ठेव. बल्बाचं तू काही बोलू नकोस. बल्ब चांगला होता, भाऊ आला नव्हता, असं पंगतीत उभा राहून मीच सांगणार आहे. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. माझ्यासाठी जे रडले, त्यांना मी माझ्या हाताने वाढीन, आणि सगळे उठल्यावर तुझ्या शेजारी बसून जेवेन.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. थोडा उरला असेल तर तेवढा ठेव.

तुझा,
नवीन