दोन ओळींत न बसणारं रडणं

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू फोनवर बोलायला तयार नाहीस, कारण म्हणे मी नुसता ‘हं, हं’ करतो. म्हणून हे पत्र. माझी बायको घर सोडून गेली आहे. का गेली, ते मला कळलेलं नाही. तुला कळलं तर कळव.

झालं ते असं. सध्या माझ्याकडे हॉलिवूडच्या जुन्या रडपटांना मराठी सबटायटल्स लावायचं काम आलंय. काय थाट असतो गं त्यांचा! घरातला जिना इतका रुंद की वरात उतरावी. पांढरा पियानो, पण वाजवत कोणी नाही, त्याला टेकून फक्त रडतात. बाई झोपेतून उठते ती ओठ रंगवूनच. एका वाक्यात सगळा गुंता सुटला असता, पण ते वाक्य ती दीड तास काही बोलत नाही. बाकी बोलते मात्र भरमसाठ, आणि ते मला दोन-दोन ओळींत कोंबावं लागतं. मी दिवसभर त्या लोकांना शिव्या घालत काम करतो.

पण त्यातल्या एका सिनेमात शेवटी तो कारखानदार जिना उतरता उतरता मधेच पायरीवर बसतो आणि ओक्साबोक्शी रडतो. मागे व्हायोलिनांचा पूर. तिथे संवादच नाहीत, म्हणून मला काम नव्हतं. तर ताई, मीही रडायला लागलो. हुंदके देऊन. ही रात्रपाळी संपवून आली होती आणि दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे, माझ्या कानांवर हेडफोन. मी ओशाळून म्हटलं, अगं सिनेमा आहे, सगळं खोटं असतं. तिनं विचारलं, त्या माणसाला काय झालंय? मी सांगितलं. ती आत गेली, युनिफॉर्म पिशवीत भरले आणि नर्सेसच्या हॉस्टेलवर राहायला निघून गेली. जाताना म्हणाली, चहा गाळून ठेवलाय.

पुरुषानं रडलेलं आवडत नाही, अशातली ती नाही. मग काय? डोकं चालत नाही. सिनेमाची डिस्क सोबत पाठवतोय, तू शिवणारी बाई, त्यातल्या बायकांचे गाऊन तुला बघायला आवडतील.

तुझी माया आहे म्हणून तर तक्रार तुझ्याकडे घेऊन आलो, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

दि. ११ फेब्रुवारी

चि. मौनीबाबास,
अनेक आशीर्वाद.

डिस्क पोचली. दुकान लवकर बंद केलं आणि काजं करायचे ब्लाउज मांडीवर घेऊन सिनेमा लावला. एकही काज झालं नाही.

आधी तर मी हसतच होते. मूल तापानं फणफणलंय आणि आईच्या गाऊनला चुरगळा नाही. त्या घेराला अस्तरासकट किती कापड लागलं असेल, याचाच हिशोब मी करत बसले. पण मणी असे लावलेत की ती वळली की उजेड तिच्याबरोबर वळतो. लबाडी आहे, पण सुबक लबाडी.

त्या घरात एक काळी दाई आहे. पोराला न्हाऊमाखू तीच घालते, अंगाई तीच म्हणते. पोर गेल्यावर तिला रडायला कुणी सवड देत नाही, ट्रे उचलून दार लोटून घ्यायचं फक्त. आणि तू तिला ‘व्हय जी, मालकीणबाई’ असं का बोलायला लावलंस? मूळ सिनेमात तिला अडाणी केलंय म्हणून तूही केलंस? ते बदल.

आता तुझं. पत्रात तू जिना लिहिलास, पियानो लिहिलास, व्हायोलिनं लिहिलीस. तो माणूस कशासाठी रडतो, तेवढं गाळलंस. त्याचं तान्हं बाळ गेलंय, म्हणून रडतो. अरे दगडा, तुझं बाळ जन्मताच गेलं तेव्हा तू काय करत होतास, आठवतं? दवाखान्यात सगळ्यांना बसायला खुर्च्या गोळा करत होतास. मी तेव्हा म्हणाले होते, किती धीराचा आहे माझा भाऊ. आता तो धीर होता की काय होतं, मलाही सांगता येईना. सिनेमा चांगला की वाईट, तेही ठरेना. मशीन झाकलं आणि तशीच बसून राहिले.

हॉस्टेलवर तुझ्या सिस्टरबाईंकडे जा आणि तोंड उघड.

शब्द टोचले तरी टोचणारा हात आपलाच आहे, हे धरून चाल.

तुझी,
ताई

दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. आणि माती खाल्ली.

हॉस्टेलचा जिना लोखंडी, जेमतेम एक माणूस मावेल असा. ती वरच्या पायरीवर, मी खाली. मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, तुझ्याविना माझं जगणं म्हणजे दिवे मालवलेला दिवाणखाना आहे. तेवढ्यात बादली घेऊन एक मुलगी खाली आली, मला कठड्याला चिकटून उभं राहावं लागलं. मग उरलेलं म्हटलं. हिनं शांतपणे विचारलं, हे कोणाचं वाक्य? मी म्हटलं, माझंच. ती म्हणाली, दोन ओळींत चपखल बसतंय.

मग मी रडायचा प्रयत्न केला. खरंच केला, तुझ्यापासून काय लपवायचं! ती व्हायोलिनं मनात वाजवून पाहिली. डोळे कोरडे ठणठणीत. पडद्यापुढे येतं आणि तिच्यापुढे येत नाही, हे काय गौडबंगाल आहे? त्या दिवशी मी कारखानदारासाठी रडलो की आपल्या पोरीसाठी? तिनं हेच विचारलं. तिची ड्यूटीची वेळ झाली, ती गेली.

दाईचे संवाद बदलले. आता ती सरळ बोलते, पण बोलायला तिला दिलंय तरी काय!

रागाव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझा,
धाकटा

दि. ३ मार्च

ती. ताई,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही हॉस्टेलातल्या दोघी-तिघींकडे माझ्यासाठी निरोप धाडलेत, म्हणून आधी तुम्हाला लिहिते. मी बरी आहे. म्हणजे, जेवते-खाते.

राग कशाचा, ते मलाही धड सांगता येत नाही. माझी समजूत होती की यांना रडताच येत नाही. असतात अशी माणसं, वॉर्डात रोज बघते. त्या समजुतीवर मी इतके दिवस काढले, यांना कधी दोष दिला नाही. त्या सकाळी कळलं, येतं. मग आपल्या पोरीच्या वाट्याला का आलं नाही?

रविवारी मी घरी गेले आणि म्हटलं, मला तो सिनेमा दाखवा. दुपारी पडदे ओढून दोघं बसलो. मला हसूच आवरेना. नर्स टाचांचे बूट घालून टकटक करत फिरतेय, हात कोणी धूत नाही, आणि डॉक्टर पोराच्या उशाशी सिगारेट ओढतोय! हेही हसले. एकत्र हसून किती दिवस झाले होते! त्या रेशमी पडद्यांकडे आणि फुलांकडे बघत राहावंसंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग तो जिना आला. माणूस बसला, रडू लागला. मला काहीच झालं नाही. मी यांच्याकडे पाहिलं, यांनाही काही होत नव्हतं. यांनी आवाज बंद केला. तो बिचारा पडद्यावर नुसता तोंड वेडंवाकडं करत राहिला. आणि हे म्हणाले, तिला केस होते का?

ताई, आपल्या पोरीला मी हातात घेतलं होतं, यांनी घेतलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं मला. मी सांगितलं, होते, ओले, कपाळाला चिकटलेले. एक कान दुमडलेला होता. यांनी विचारलं, कुठला? म्हटलं, डावा.

हे उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ पूर्ण सोडला. तरी मला ऐकू येत होतं. मी दाराबाहेर उभी. सिनेमात आता काय करायचं ते वाजंत्री सांगते, इथे काहीच कळेना. जावं, की एकटं राहू द्यावं? शेवटी मी आत गेले आणि नळ बंद केला.

हॉस्टेलची खोली अजून सोडलेली नाही. सोडीन का, विचारू नका, मला माहीत नाही. कालही घरी जाऊन आले. यांनी तिच्याबद्दल आणखी एक विचारलं.

तुमच्या मायेत आम्हा दोघांना, वेगवेगळं का होईना, धरून ठेवा.

तुमची,
सिस्टर