दादा नापास झाला ती परीक्षा

ता. ४ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या चिकटपट्टीविरुद्ध ही रीतसर फिर्याद आहे. पाकीट उघडण्यासाठी नख, चष्म्याची काडी आणि शेवटी कात्री असे उपाय क्रमाने योजावे लागले. कात्रीला यश आलं, पण पत्राचा एक कोपरा धारातीर्थी पडला. इस्पितळातलं प्लास्टर संपलं की तुम्ही हीच पट्टी वापरता का?

वाचलेल्या भागावरून कळलं ते असं. तुमचा टेलिफोन बोर्ड जूनअखेर बंद होणार. बोर्डावरच्या चौघींपैकी जिच्याकडे संगणकाचं प्रमाणपत्र असेल तिला तिथल्याच मदत-कक्षात घेणार, बाकीच्या घरी. परीक्षा तीन: हार्डवेअर, नेटवर्क आणि सिक्युरिटी. तेवढ्या वेळात एकच होईल, आणि ती कुठली हे तू मला विचारतेस!

छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्याला हे विचारणं म्हणजे दाढ दुखली म्हणून शिंप्याकडे जाणं. तरी विचारलंसच, तर सिक्युरिटी. नावातच वजन आहे. कागद बघूनच तुमचे साहेब सरळ बसतील.

लोभ आहेच; चिकटपट्टी कमी केल्यास वाढेल.

दादा

ता. ११ मार्च

ति. दादास सा. न. वि. वि.

ती पट्टी फायलींची आहे, आणि कात्री तुझ्या हातात देणं ही वहिनीची चूक.

सिक्युरिटीचं पुस्तक आणलं. वाचताना सगळं कळतं, मिटलं की पाटी कोरी. बोर्डावरची सगळ्यांत लहान मुलगी तीच परीक्षा देते आहे, तिचं धडाधड पाठ होतं. मला सत्तेचाळिसावं लागलं रे. बोर्ड गेल्यावर दुसरीकडे कोण घेणार मला?

वॉर्डातला प्रिंटर अडला की सिस्टर अजून मलाच फोन करतात. मीही खुर्चीतून न उठता सांगते, मागचं झाकण उघडा, कागद खालून ओढा, वरून नको. पण याला काही कुणी शिक्षण म्हणत नाही.

तिन्ही परीक्षांच्या उजळणीच्या वह्या आणि नमुना प्रश्नपत्रिका सोबत पाठवते आहे. महिनाअखेर नाव नोंदवायचं आहे. तूच बघून काय ते नक्की सांग.

लहान म्हणून सांभाळून घेतोस, तसंच घे.

तुझी धाकटी

ता. १९ मार्च

चि. धाकटीस अ. आ. वि. वि.

प्रश्नपत्रिका बघ म्हणालीस. मी त्या सोडवल्या. लहानपणी 'देवः देवौ देवाः' घोकलं तशाच तुझ्या वह्या घोकल्या. सिक्युरिटीत मला शंभरपैकी एक्क्याऐंशी पडले, नेटवर्कात अडुसष्ट. तुझ्या वहिनीने विचारलं, या सगळ्याचा अर्थ काय? मी म्हटलं, परीक्षकाने तो विचारलेला नाही.

हार्डवेअरमध्ये एकोणीस. छपाई फिकट येते, प्रथम काय पाहाल? दिलेल्या चार उत्तरांत 'ओरडून कुणालातरी बोलवा' हे नव्हतंच. पंख्याची घरघर होते, काय कराल? आम्ही छापखान्यात ती सहन करतो. तेही उत्तर नव्हतं.

मग डोक्यात उजेड पडला. अर्थ न कळता मी पास होतो, त्या परीक्षेत घोकणाऱ्यांची चलती. तिथे त्या मुलीशी शर्यत कशाला लावतेस? मी सपशेल आपटलो ते प्रश्न तू रोज फोनवर, डोळ्यांनी यंत्र न बघता सोडवतेस. माझा मागचा सल्ला रद्द समज. पहिली हार्डवेअर.

एकोणीस गुणांच्या आदरास पात्र,

दादा

ता. २ जून

ति. दादास सा. न. वि. वि.

पास झाले! प्रश्न वाचताना कानात सिस्टरांचे आवाज येत होते, 'अहो ताई, पुन्हा अडकलाय बघा!' सोमवारपासून मदत-कक्ष. ती लहान मुलगीही पास झाली. आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसणार. साहेबांनी विचारलं, हीच परीक्षा आधी का दिलीत? मी सांगितलं, भाऊ हिच्यातच नापास झाला म्हणून. ते अजून विचार करताहेत.

काल कितीतरी दिवसांनी सकाळपर्यंत झोपले. तुझा सल्ला कधी चुकत नाही, दादा.

तुझी धाकटी

ता. ९ जून

चि. धाकटीस अ. उ. आ. वि. वि.

पत्र दारातच उभ्याने वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. वहिनी म्हणाली, आता तरी चपला काढा. छापखान्यात सगळ्यांना माझे एकोणीस गुण सांगून झाले आहेत. एक्क्याऐंशीचा उल्लेखही केला नाही.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र मला खोडावं लागतंय. बाबा गेले तेव्हा तू कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतीस. बोर्डाची जागा पक्की आहे, शिक्षण राहू दे, असं मीच म्हणालो. तू पुस्तकं बांधून ठेवलीस. हे तीन महिने मला तुझ्या नापास होण्याची फारशी भीती नव्हती. आपण हिला दुसऱ्यांदा चुकीच्या खुर्चीत बसवतोय का, हे मनात येऊन जाग यायची. ती काळजी आता मिटली, फार हलकं वाटतंय.

पहिल्या वेळचं राहिलं आहे. ते चुकलं होतं का, हे तुला विचारायचा सत्तावीस वर्षं मला धीर झाला नाही. आज विचारतो आहे, आणि उत्तराची भीती वाटते.

दादा