टाकी वर का आली

११ जानेवारी. लातूर.

जिल्हा नवा, कचेरीतला शिक्का इतके दिवस जुन्याच जिल्ह्याचा. आज नवा आला. 'लातूर'मधला 'ला' नीट उमटत नाही. साहेबांनी तो एका कागदावर मारून पाहिला आणि तोच कागद माझ्या हातात दिला. सर्वेक्षणाचा फॉर्म. विषय: गोबर गॅस संयंत्रांबाबत लोकांचा दृष्टिकोन. चालू की बंद. बंद असल्यास कारण: (१) शेण अपुरे (२) पाणी अपुरे (३) तांत्रिक दोष (४) लोकांचे अज्ञान. एकावर खूण करायची.

साहेब म्हणाले, "चार नंबरच जास्त येणार, बघा तुम्ही."

क. वाडीतली नऊच्या नऊ संयंत्रं मी आखलेली आहेत. मला भीती तीन नंबरची आहे.

१९ जानेवारी. क. वाडी, उदगीरच्या अलीकडे.

नऊपैकी सहा टाक्या खाली बसलेल्या. गॅस भरला की लोखंडी टाकी वर येते, संपला की बसते. रस्त्यावरूनच कळतं. महादेवी अक्का म्हणतात, "पहिलं धुरावरनं कळायचं कुणाची चूल पेटली, आता टाकीवरनं."

अक्कांची टाकी वर. गॅसवरचा चहा झाला. त्या त्याला सरकारी चहा म्हणतात.

गेल्या वर्षी देवळापुढच्या सभेत मी फळ्यावर हिशेब मांडला होता. एक जनावर, रोज दहा किलो शेण. पाच जनावरं, पन्नास किलो, तेवढंच पाणी, पाच माणसांचा स्वयंपाक. लोकांनी तो पाढ्यासारखा पाठ केला. सगळ्यात आधी हात वर केला अक्कांनी. साठीच्या, विधवा, गळ्यात लिंग, गोठ्यात मोजून पाच जनावरं. अट एकच. संडास जोडायचा नाही. वरून सूचना उलट होती, जोडता आला तर जोडा.

"शेणाला माझी ना न्हाई. शेणानं तर आमी घर सारवितो. दुसरं नगं. सोमवारी स्वामी जेवायला येत्यात, त्यांचा निवद त्याच्यावर शिजणार हाय. शब्द द्या बाई."

दिला. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी माझ्याकडून तोच हिशेब खडूने लिहून घेतला होता. अजून आहे. ५ ज. = ५ मा.

सून गंगू. घरात खाणारी तोंडं पाच. तिचा नवरा लातूरला आडतीवर कामाला. तिचा खोकला गेला. "ताई, आता भाकर करताना तव्याकडं बघता येतं." घरामागच्या संडासाचं पाणी शोषखड्ड्यात जातं, त्यावर मी तिला कर्दळ लावायला सांगितली होती. लावली आहे. लाल.

६ फेब्रुवारी. क. वाडी.

विहिरी आटल्या. टँकर एक दिवसाआड. चारा नाही म्हणून अक्कांची तीन जनावरं उदगीरच्या छावणीत. घरी दोन. वीस किलो. टाकी जेमतेम वीतभर उचलते.

गंगू रोजगार हमीवर खडी फोडायला जाते. तिथून सुटली की सरपण. थांब्यापर्यंत माझ्यासोबत आली, खोकत होती. म्हणाली, "कायतरी काढा की ताई तुमच्या वहीतनं."

मी म्हटलं, संडास जोडलेला असता तर तूट थोडी भरून निघाली असती, आणि तुमच्या शेजारच्या रिकाम्या गोठ्यातलं जुनं शेण कालवलं तर पूर्ण. मी फक्त गणित केलं. पण मोठ्याने केलं.

थांबा आला तशी ती थांबली. मग म्हणाली, "अत्या पुढच्या आठवड्यात छावणीवर ऱ्हाणार हायत. आठ दिस."

१३ फेब्रुवारी. क. वाडी.

काम दोन तासांचं. संडासापासून संयंत्रापर्यंत सहा फुटी सिमेंटचा पाइप, शोषखड्ड्याचं तोंड बंद, उतार बरोबर. गवंडी इस्माईलभाई, नऊही संयंत्रं त्यांनीच बांधली. थापी बाजूला ठेवून म्हणाले,

"बाई, एक बात बोलू? अक्का कू पूछ के करते. काम दो घंटे का, पूछने कू कित्ता टाइम लगता?"

मी सांगितलं, जंतू आत मरतात. गॅसमध्ये काहीही उतरत नाही. पुस्तकात आहे.

"मैं जंतू की बात नै कर रहा."

पाइपावर माती लोटली. गंगूने वरून शेणाने सारवलं. ओळखू येत नाही. काम चांगलं झालं आहे, असं तेव्हा मनात आलं. तसंच लिहून ठेवते.

९ मार्च. क. वाडी.

टाकी पूर्ण वर. अख्ख्या गावात ती एकच.

अक्का परतल्या आहेत. चहा दिला, समोर बसल्या. "बाई, तुमच्या हिशेबानं पाच पाहिजेत. माझ्या गोठ्यात दोन. शेजारचं वाळकं शेण गंगू घालते म्हणा, पण त्याच्यात काय जीव हाय? टाकी वर का आली?"

गंगू दारात उभी होती.

मी म्हणाले, "ऊन वाढलं अक्का. उन्हाळ्यात गॅस जास्त तयार होतो."

वाक्य बरोबर आहे. तापमान वाढलं की निर्मिती वाढते. कोणत्याही परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील.

अक्का म्हणाल्या, "आसं व्हय," आणि बशी पुढे केली.

२३ मार्च, सोमवार. क. वाडी.

साहेब जीप घेऊन आले. दुष्काळातही चालू असलेलं संयंत्र. टाकीशेजारी अक्कांना उभं करून फोटो. टँकरची रांग तिथेच. शेजारची कोंडाबाई घागर सोडून ओरडली,

"दोन जनावरात पाच जणांचा ग्यास! अक्का, रातच्याला तू सोता बसतीस का काय टाकीत?"

रांग हसली. अक्काही हसल्या. मग पदर सारखा करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उन्हाचा ग्यास हाय त्यो. बाईंनी सांगितलंय. बाई हिशेबाच्या पक्क्या हायत, त्या खोटं बोलत न्हाईत."

साहेबांनी टाळी वाजवली. मी टाकीची उंची मोजत होते. तीन वेळा मोजली.

दुपारी स्वामी जेवायला आले. मी जीपमधून परत.

८ एप्रिल. लातूर.

इस्माईलभाई कचेरीत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत, उभ्यानेच सांगितलं.

कर्दळ सुकली. फार जुनी नव्हे, वर्षाचीच. पण दुष्काळात गावात हिरवं तेवढंच होतं आणि अक्का रोज तिच्याकडे बघत. संडास वापरात, टँकरचं पाणी त्यात पडतं, मग खड्ड्यावरची कर्दळ सुकते कशी? त्यांनी कुणालाच विचारलं नाही. कुदळ घेतली आणि स्वतः खणलं. पाइप लागला.

गंगू लगेच म्हणाली, "मी केलं अत्या. गवंडी मी बोलावला."

इस्माईलभाई तिथेच होते. "मैं चुप बैठा बाई. लडकी ने मेरी तरफ ऐसा देखा, के चुप बैठना पडा."

अक्कांनी गॅसच्या नळाची चावी उघडली आणि टाकी बसेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. मग ती पुन्हा वर येऊ नये म्हणून तिच्यावर पाटा आणून ठेवला.

कर्दळीचा मी विचारच केला नव्हता. उतार काढला, जोड तपासले. लावायला मीच सांगितलेली.

१५ एप्रिल. क. वाडी.

गंगू नाही. माहेरी, मुखेडला. नेऊन सोडली की गेली, कळलं नाही.

अक्कांनी स्वामींना स्वतः सांगितलं. स्वामी म्हणे पाणी मागून प्याले आणि पुढच्या सोमवारी येतो म्हणाले. गावही दोन दिवस बोललं आणि टँकरकडे वळलं. मला वाटलं मिटलं.

अक्का चुलीवर होत्या. धूर. चहा चुलीवरचा.

"स्वामींनी मनावर घेतलं न्हाई, त्ये त्यांचं मोठेपण. पण मी रांगेत उभी ऱ्हाऊन काय बोलले होते, तुमी ऐकलं नव्हं?" मग फुंकणी खाली ठेवून, "तुमाला ठावं होतं का बाई?"

मी म्हणाले, "अक्का, गॅसमध्ये खरंच काही येत नाही."

"ग्यासचं न्हाई विचारलं मी."

एस.टी.चा हॉर्न वाजला. मी उठले. शेवटची गाडी नव्हती ती. तासाने आणखी एक होती.

२६ एप्रिल. मुखेड.

नांदेडला आईकडे जाते असं सांगून वाटेत उतरले. बाजाराचा दिवस, बाजार निम्मा. गंगू इथेही खडीवर. दगडांच्या ढिगावर दोघी बसलो. डोळे लाल, पुन्हा तसाच खोकला.

मी म्हणाले, मी अक्कांना सांगते.

"सांगा न्हाईतर नका सांगू. भाकर हितं बी थापायची, तितं बी थापायची."

मी म्हणाले, माझी नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलीस का?

ती हसली. चांगलं हसली नाही. "तुमच्यासाठी कोण गप ऱ्हायलंय ताई? सून खोटी निघाली, त्ये अत्या सोसत्यात. समद्या सासवा सोसत्यात. पण तुमी बी खोट्या निघाल्या तर म्हातारीनं इस्वास कुणावर ठिवायचा? म्हणलं, एक तरी खरी ऱ्हाऊ दे."

मग हातोडा उचलला. मुकादम बघत होता.

नांदेडला गेले नाही. लातूरची गाडी धरली.

३० एप्रिल. लातूर.

फॉर्म पुरे करायचे आहेत. अक्कांच्या फॉर्मवर साहेबांनी पेन्सिलने आधीच खूण केली आहे. चार.

खोडली. तीन वर आणली. तांत्रिक दोष काय, तर तिथे एक ओळ लिहायची असते. संयंत्रात दोष नाही. जोडात गळती नाही. ओळ कोरी.

साहेब म्हणाले, "एवढा काय विचार करता? लोकांना शिकवायला वेळ लागतो."

अक्का हिशेब शिकल्या होत्या. पूर्ण शिकल्या होत्या. त्यावरूनच तर त्यांनी विचारलं.

४ मे. क. वाडी, अक्कांचा गोठा.

इथेच बसून लिहिते आहे.

सकाळी आले तेव्हा अक्का गोठा झाडत होत्या. पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. आत जाऊन खडूचा तुकडा आणला.

"मला अक्षर येत न्हाई. आकडे येत्यात. त्यो हिशेब परत मांडा. दोन जनावरांचा."

मांडला. जुन्या हिशेबाच्या खाली. २ ज. = २ मा.

"आता उन्हाचं धरा. खरं किती वाढतंय त्येवढंच धरा."

खरं म्हणजे निम्म्याने वाढेल. सगळं सैल धरून. ३ मा.

"वाळक्या शेणाचं?"

फार तर अर्धा. साडेतीन.

अक्का भिंतीसमोर उभ्या राहून बघत होत्या. वर पाच, खाली साडेतीन. बोटांवर मोजलं. "दीड कमी पडतंय. टाकी तर पुरी वर होती."

हो म्हणाले.

"मग त्ये दीड कुठनं आलं, आन् पाइप टाकायचा उतार गंगूला कुणी काढून दिला, त्ये बी लिवा. तिला तर सरळ रेघ बी वढता येत न्हाई."

तेवढ्यात टँकर आला. अक्कांनी घागर काखेला लावली. दारातून वळून म्हणाल्या, "यीस्तवर लिवून ठिवा."

त्यांना अक्षर येत नाही. मी काहीही लिहिलं तरी वाचून मलाच दाखवावं लागेल. कोंडाबाईंचा आवाज येतो आहे, रांग मोठी दिसते. गंगूचं ते वाक्य डोक्यात आहे, एक तरी खरी. ते पाळायचं तर गप्प बसायचं की बोलायचं, हे अजून सुटत नाही.

एस.टी. थांब्यावर येऊन गेली. हॉर्न दोनदा वाजला.

भिंतीवर ३॥ च्या पुढे मी अधिकचं चिन्ह काढलं आहे. खडू बोटभर उरला आहे. घागर भरल्याचा आवाज.