कडब्याखालची फटफटी

शांताक्का,

तुम्ही सोनारीहून परत येईपर्यंत थांबायला सवड न्हाय. शेजारची अयोध्या दोन दिवसांपासून अडली आहे. सुईण म्हणाली, "बार्शीच्या दवाखान्यात न्या, माझ्या हातात आता काय न्हाय." बैलगाडीनं दिवस मावळंल, म्हणून मी कडब्याखालची फटफटी काढली. बाजूगाडीत गोधड्या अंथरून तिला निजवलंय. तिची सासू माझ्यामागं बसतेय.

तुमच्या भावाला पकडून नेलं तेव्हा तुम्ही मला बजावलं होतं, "ही गाडी दिसली, तर हिच्यावरनं निजामाविरुद्धची पत्रकं गावोगाव कुणी वाटली ते पोलिसांना कळंल. मग शिवप्पा जित्ता सुटणार न्हाय." ते मी विसरले नाही. बार्शीच्या वाटेवरच्या नाक्यावर पोलीस गाडी ओळखतील, हेही मला ठाऊक आहे.

ती चालवायला तुमच्या भावानंच मला माळावर शिकवलं, तुमच्यापासून चोरून. वाऱ्यानं पदर उडायचा आणि मला हसू आवरायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून तेवढं मोकळं मी कधीच हसले नव्हते.

परत आलात की पोरांना घेऊन आजच सास्तूरला माझ्या माहेरी जा. झडतीला येतील तेव्हा घरात कुणी नको.

अयोध्याचं बाळ सकाळपासून हलत नाही. तिला ते सांगितलेलं नाही. निदान ती तरी वाचंल म्हणून निघाले.

तुमच्या भावाचं काही बरंवाईट झालं, तर ते माझ्यामुळं झालं, असं पोरांना तुम्हीच सांगा. मला ते सांगता येणार नाही.

रुद्रम्मा