हिंगूळ लावलेली शर्यतीची मोटार

॥ श्री ॥

अनसिंग,
ता. २३ नोव्हेंबर १९३६

श्रीयुत बबनराव व्याहीबुवा, मु. धनज, यांस जगदेवचा हात जोडून रामराम. वि. वि. येथे सर्व खुशाल आहेत असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणी नाही.

आपले चिरंजीव, म्हणजे आमचे जावईबापू गुलाबराव, दिवाळसणाला आले आणि पाडव्याच्या दुपारी रुसून निघून गेले. जाताना ओवाळणीत मिळालेली मोटार आठवणीने घेऊन गेले आणि बायकोला विसरले. माझी प्रयाग तेव्हापासून येथेच आहे. त्यांनी घरी काय सांगितले ते देव जाणे. माझी बाजूही ऐकावी.

लग्नाच्या पंगतीत जावई रुसले ते आपणांस आठवत असेल. लोकांचे जावई सायकल मागतात, घड्याळ मागतात. आपल्या मुलाने अमरावतीस शिकताना इंग्रजी मासिकात शर्यतीच्या मोटारीचे चित्र पाहिले होते, म्हणून त्याला तशीच हुबेहूब, ओतीव धातूची, मुठीत मावणारी मोटार हवी होती. मांडव हसला, पण मी कबूल झालो. कारंज्याच्या तय्यबभाईंना मुंबईहून आणायला सांगितले. ती श्रावणात आली. पुढे पोळा होता. शर्यतीचे जनावर पोळ्याला कोरे कसे ठेवायचे? तिला बैलांच्या शिंगांचा लाल हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, आत बसलेल्या बोडक्या हाकणाऱ्याला मेणाचा फेटा बांधला आणि काजळाच्या मिशा काढल्या. दिवाळीत जावयांनी पेटी उघडली आणि सर्वांदेखत विचारले की हे कोण्या गाढवानं रंगवलं. मी पुढे होऊन सांगितले की तो गाढव मीच.

एवढेच घडले. आता मुलाला समजवावे आणि सुनेला न्यायला धाडावे. जावयावरचा लोभ आहे तो आहेच, आमच्यावरचा तेवढा आपण सांभाळावा.

आपला,
जगदेव

॥ श्री ॥

धनज,
ता. ४ डिसेंबर १९३६

श्रीयुत जगदेवराव व्याही यांस बबनरावाचा रामराम आणि सूनबाईंस अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पोहोचले. ओसरीवर वाचले. सगळे हसले, एक गुलाब सोडून.

त्याचे म्हणणे असे. मोटार अस्सल आहे. त्याने चित्रावर दोरा धरला, मग मोटारीवर धरला, आणि चाकापासून चाकापर्यंतचे अंतर, नाकाची जाळी, धूर जायच्या नळ्या, सगळे चित्राबरहुकूम निघाले. पण चित्रातली मोटार निळी, ही लाल. चित्रात मागच्या टोकावर आकडा, येथे बेगड. आणि शर्यतीची मोटार हाकणारा फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन बसलेला त्याने सात जन्मांत पाहिला नाही. हाडे खरी पण कातडे खोटे, असा त्याचा निकाल आहे. मूळ रंग गेला की अशा वस्तूची किंमत मातीची होते, असे तो मासिकातून वाचून दाखवतो. नवी, न रंगवलेली मोटार आल्याशिवाय तो अनसिंगची पायरी चढणार नाही.

मला मोटारीतले कळत नाही, तेव्हा मी शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, पंच बोलावले. तांड्यावरचे रूपला नाईक आले आणि बाबूसिंगही आले. रूपलाने आधी तोंड उघडायचा प्रयत्न केला. दात नाहीत म्हणजे एक तर फार म्हातारी, नाही तर फार लहान, असे तो म्हणाला. मग उलटी केली तर पोटावर इंग्रजी अक्षरांचा छाप. पोटावर डाग असलेले जनावर चोरीचे असते, ते घेऊ नये, असा त्याने मला कानात सल्ला दिला. बाबूसिंगला छाती आवडली, पण शेपूट नाही तर माशा कशानं हाकलते म्हणून तो अडून बसला. शेवटी दोघांनी मिळून तिला ओसरीवरून सोडले. ती सरळ शेणाच्या टोपलीत गेली. चाल चांगली आहे पण वळण नाही, असा निकाल देऊन दोघे चहा पिऊन गेले.

गुलाब मात्र हट्टाला पेटला आहे. आपण नवी मोटार पाहावी. आमची माया दोन्ही घरांवर सारखीच समजावी.

आपला,
बबनराव

॥ श्री ॥

अनसिंग,
ता. १४ डिसेंबर १९३६

श्रीयुत बबनराव व्याहीबुवांस जगदेवचा रामराम. वि. वि. तय्यबभाईंकडे स्वतः जाऊन आलो. त्यांनी कानाला हात लावला. मुंबईच्या दुकानात ती एकच उरली होती, विलायतेहून पुन्हा कधी येईल ते अल्लालाच ठाऊक, असे म्हणाले. त्यांनी मला रंगीत चावीचे माकड दाखवले, तेही ढोल वाजवणारे. जावयाला माकड पाठवले तर आपले व्याहीपण तेथेच संपेल, म्हणून परत आलो.

बाबूसिंगला सांगावे की माशा बसतील इतकी हळू ती मोटार पळतच नाही.

थट्टा राहू द्या. प्रयाग जेवायला बसते, भाकरी मोडते आणि उठून गाईला घालते. विहिरीवर बायका विचारतात की जावई काहून येऊन नाही राह्यले, तर ती म्हणते की शेतात तूर आली आहे. बायका हुशार आहेत, तूर धनजलाच येते असे नाही हे त्यांना कळते. तिची आई माझ्यावर चिडली आहे. मुलगी सासरी सुखात असावी यापलीकडे मला काही नको, आणि आता ती माझ्याच दारात अशी बसलेली मला बघवत नाही. जावयांची माफी मी मागतो. फेट्याची मागतो, मिशीचीही मागतो. काही मार्ग काढावा.

आपल्याच भरवशावर असलेला,
जगदेव

॥ श्री ॥

धनज,
ता. २६ डिसेंबर १९३६

श्रीयुत जगदेवराव व्याही यांस बबनरावाचा रामराम. वि. वि. मार्ग निघाला! पेढे वाटावे.

मीच युक्ती काढली. गुलाबला म्हटले, अरे, हिंगूळ वरून लावलेला आहे, खाली निळा रंग जागेवर असेल. घासलेटच्या फडक्याने पुसून काढ. त्याने नळीच्या कोपऱ्यात नखाने खरवडून पाहिले तर खरेच खाली निळे दिसले. पोर दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले. आता फुरसत पाहून संक्रांतीच्या आधी हिंगूळ, बेगड, फेटा, मिशा सगळे साफ करणार आणि संक्रांतीला दमणी जुंपून सुनेला न्यायला येणार. आपली चूक धुऊन निघेल आणि कोणाला काही बोलायला जागा राहणार नाही.

विहीणबाईंना सांगावे, तिळगुळात शेंगदाणे जरा जास्त टाकावे. आहे तो जिव्हाळा असाच राहू द्यावा.

आपला,
बबनराव

॥ श्री ॥

अनसिंग,
ता. ३० डिसेंबर १९३६

श्रीयुत बबनराव, रामराम. घासलेट लावू नये. लावले असेल तर थांबवावे. बाकी मजकूर नंतर वाचावा.

आपले पत्र मी घरात वाचून दाखवले. मला वाटले प्रयाग हसेल. ती उठून आत गेली आणि आईला म्हणाली की मंग मले नेऊ नका म्हणा. आता खरे सांगतो. हे आपल्या दोघांत राहावे, गुलाबरावांच्या कानावर जाऊ नये.

ती मोटार मी रंगवली नाही. प्रयागने रंगवली. श्रावणात ती माहेरी होती तेव्हा पेटी आली. आपल्या नवऱ्याला शर्यतीचे किती वेड आहे ते ती आम्हाला रोज सांगत असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी मांजरीच्या केसांचा कुंचला करून ती ओट्यावर बसली, आणि संध्याकाळी मान वर केली तेव्हा हिंगूळ तिच्या नाकालाही लागला होता. दिवाळीत जावयांनी गाढव कोण म्हणून विचारले तेव्हा ती दाराआड उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि गाढव व्हायला पुढे झालो. बाप आहे, एवढे तर येते.

आणखी एक. जावईबापूंनी दोरा धरून सगळे मोजले, पण त्या हाकणाऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिले नाही. त्याची मिशी डावीकडे जरा खाली उतरली आहे. उजव्या गालावर तीळ आहे. असा माणूस धनजमध्ये एकच आहे, आणि तो आपल्याच घरात राहतो.

हे सांगू नये अशी पुन्हा विनंती. ती म्हणते, सांगून किंमत येत असेल तर नको.

आपला,
जगदेव

॥ श्री ॥

धनज,
ता. ५ जानेवारी १९३७

श्रीयुत जगदेवराव व्याही यांस बबनरावाचा शरमेने रामराम. वि. वि. मोठा घोटाळा झाला.

आमच्या घरची रीत आपणांस ठाऊक आहे. टपाल आले की मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचतो आणि सारे घर ऐकते. मनात वाचायची मला सवयच नाही, ओठ हलले नाहीत तर अर्थ लागत नाही. आपले पत्र मी तसेच वाचले. गुलाबरावांच्या कानावर जाऊ नये, हे वाक्य तर मी चांगले ठासून वाचले. गुलाब समोर घासलेटचे फडके घेऊन बसला होता.

मी थांबायला हवे होते, पण मलाच पुढे काय आहे ते ऐकायचे होते.

तिळापर्यंत आलो तेव्हा तो उठला. देवळीतला आरसा काढला, मोटार गालाशी धरली आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. त्याची आई जवळ गेली, तिने मोटारीत पाहिले, त्याच्याकडे पाहिले, आणि म्हणाली की बाप्पा, मिशी त लयच बराबर उतरली. गुलाबच्या डोळ्यांत पाणी होते, ते घासलेटच्या वासाने आले असे तो म्हणाला. मग ताट तसेच ठेवून बैल सोडायला गेला. त्याला सकाळपर्यंत थांबवता थांबवता माझा घसा बसला. हे पत्र पोहोचेल त्याच्या आधी बहुधा तोच पोहोचेल.

माझ्या तोंडाला माफ करावे, मन आपल्याकडेच आहे.

आपला,
बबनराव

॥ श्री ॥

अनसिंग,
ता. ९ जानेवारी १९३७

श्रीयुत बबनराव व्याहीबुवांस जगदेवचा मनापासून रामराम. वि. वि. आपल्या तोंडाचे भले होवो. जावईबापू आले, आणि काल प्रयागला घेऊन निघाले. वाटेत मुक्काम करत येतील. ते पोहोचण्याआधी येथे काय झाले ते लिहितो, कारण ते दोघे सांगायचे नाहीत.

आले तेव्हा प्रयाग ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिने पाठ फिरवली आणि सूप आणखी जोरात चालवले. जावयांनी मोटार ओट्यावर ठेवली आणि तिच्या आईकडे पाहून बोलू लागले, पण ऐकवत होते पाठीला. म्हणाले की न रंगवलेल्या निळ्या मोटारी जगात हजारो असतील, ही एकच आहे. स्वतःचा अंदाज चुकला, हे कबूल केले. हुबेहूब कशाला म्हणतात तेच आपल्याला कळले नव्हते. सूप काही थांबले नाही.

मग त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, आपल्या उजव्या हातावर टाकले, आणि तो झाकलेला हात तिच्यापुढे धरला. कारंज्याच्या बाजारात बैलांचा दलाल धरतो अगदी तसा. मी पाहतच राहिलो. उपरण्याखाली बोटे दाबून भाव सांगायचा, म्हणजे चार लोकांत कळू नये, ही आपली रीत. पण भाव विचारायला जावई माझ्याकडे आले नाहीत, तिच्याकडे गेले.

प्रयागने सूप खाली ठेवले आणि हात उपरण्याखाली घातला. काय दाबले कोण जाणे, जावई एकदम कळवळले. तिने हात काढून घेतला. त्यांनी पुन्हा पुढे केला. तिने पुन्हा घातला. मी जन्मभर बैल विकले, कपडा कसा हलतो त्यावरून मला सौदा कळतो, पण हा काही उमगेना. तिच्या आईने माझी बंडी ओढून मला मागच्या दारी नेले. परत आलो तेव्हा प्रयाग बोचके बांधत होती आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

निघताना मी हळूच विचारले की पोरी, सौदा कितीत तुटला, भाव काय ठरला? ती म्हणाली, बाबा, कपड्याखालचा भाव बाहेर इचारत नाहीत. दमणी वेशीबाहेर गेली, वळणावर गेली. मोटार प्रयागच्या मांडीवर होती, आणि दोघांचे हात अजून उपरण्याखालीच होते.

आपला ऋणी,
जगदेव