वीस मिनिटांचा दिवा

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याने तसंही अर्धंच दिसतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं: स्क्रीनकडे बघायचं नाही, वाकायचं नाही, चिडायचं नाही. पहिली दोन मी सांभाळीन. तिसरं देवावर सोडलं.
वेळ नेमकी वाईट. नव्या अभ्यासिकेच्या इमारतीत दिवे, पंखे, पंप आपोआप चालू-बंद करणारा प्रोग्रॅम ह्यांचा. १८ तारखेला कमिटीच्या हातात द्यायचा. नीट चालला तर इमारतीची देखभाल कायमची आमच्याकडे. नाही तर ह्यांना परगावची नोकरी धरावी लागेल. तिथली खोलीही बघून ठेवली आहे म्हणे. एकाच माणसापुरती.
ठरलं: हे पडल्या पडल्या सांगतील, मी क्लिक करीन. मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली होते. घरचा हिशोब आजवर एकदाही चुकलेला नाही. एकदा चुकला होता, पण दुकानदाराचा.
ठराव: विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

५ नोव्हेंबर. दुपार.
शिकले. ब्लाउजचा कागदी नमुना एकदा कापून ठेवतो, मग पुन्हा पुन्हा त्यावरून कापड बेततो, तसंच आहे हे. एका खोलीचा प्रोग्रॅम एकदा रचायचा: माणूस आला की दिवा लागावा, गेला की थोडं थांबून विझावा. मग तो नमुना ‘लायब्ररी’त सेव्ह करायचा आणि हव्या त्या खोलीत नेऊन टाकायचा. लायब्ररी शेअर केलेली असल्यामुळे तीच ह्यांच्या भागीदारालाही मिळते. मी त्यांना भावजी म्हणते, ते ह्यांना साहेब. ते सध्या दाताच्या दवाखान्याचं काम बघतात, आमच्याच नमुन्यांवर.
ह्यांना म्हटलं, मग एवढी वर्षं अवघड अवघड म्हणून काय सांगत होता? हे म्हणाले, नमुना बदलला की त्यावरून केलेलं सगळं बदलतं, हे विसरू नकोस. ब्लाउजचं तसं नसतं.
विसरणार नाही. उलट किती वेळ वाचतो!

७ नोव्हेंबर. संध्याकाळ.
लायब्ररीत डोकावले. नुसतं डोकावले. बघवेना. ‘खोली’, ‘खोली नवी’, ‘खोली नवी खरी’, ‘खोली शांत’. एकाच वस्तूचे चार डबे, झाकणं तेवढी वेगळी.
आणि ‘खोली शांत’मध्ये काय निघालं! माणूस गेल्यावर दिवा किती वेळ चालू ठेवायचा, त्या चौकोनात २४००. भागिले साठ, चाळीस तास. अहो, दिवसाचेच चोवीस! म्हणजे दिवा कधी विझायचाच नाही. कमिटीने हे पाहिलं असतं तर?
ह्यांना सांगणार होते, पण डोळा लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत चिडायचं नाही. स्वतःची इतकी मोठी चूक कळल्यावर माणूस चिडणारच.

८ नोव्हेंबर. सकाळी, प्रार्थना आटोपून.
दुरुस्त केलं. चारांचा एकच नमुना केला, वेळ १५. रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं दिवा जळतो म्हणजे चैनच आहे, पण कमिटीला कंजूष वाटायला नको. मशीनने विचारलं, सगळीकडे लागू करू? हो. शेअर करू? हो. चांगली गोष्ट एकट्याने खाऊ नये.
टेबलावर ह्यांचा तपासणीचा बोर्ड आहे, त्यावर हालचाल टिपणारा एक सेन्सर आणि एक दिवा. खोली झाडून, टेबल पुसून, पडदे बदलून होईपर्यंत दिवा एकदाही गेला नाही. पास.
सोमवारचा ठराव मोडला असं कुणी म्हणेल. हात लावला नाही, माउस लावला.

११ नोव्हेंबर. सकाळ.
भावजींचा फोन. म्हणाले, वहिनी, इथे दिवे सारखे जातायत. डॉक्टर पेशंटच्या तोंडात वाकले की अंधार. काल रिकाम्या जागी ड्रिल फिरवलं म्हणे. साहेबांनी नमुन्यात काही बदल केलाय का?
म्हटलं, साहेबांनी काहीही केलेलं नाही. हे शंभर टक्के खरं आहे.
म्हटलं, तुम्हीच आत शिरून बघा ना. तर म्हणाले, नमुन्याचं कुलूप साहेबांच्याच पासवर्डने उघडतं, त्यांना विचारून सांगा. बरं म्हटलं.
मुळात डॉक्टरांनी पेशंटवर इतका वेळ घालवावा का? अधूनमधून दोन पावलं चालावं, कंबरेलाही बरं. हे मी भावजींना सुचवलं. त्यांनी फोन ठेवला. विचार करत असावेत.
ह्यांनी विचारलं, फोन कुणाचा? भावजींचा, तुमच्या तब्येतीची चौकशी करत होते. तेही खरंच, पहिलं वाक्य तेच होतं.
मन मोठं करून पंधराचे वीस केले. पाच मिनिटं जास्त. शेअर.

१२ नोव्हेंबर. दुपार.
पुन्हा भावजी. फरक नाही. डॉक्टरांनी एका माणसाला नुसते हात हलवायला कोपऱ्यात उभा केलाय. पेशंटला वाटतं, बाहेर चल म्हणतोय. दोन उठून गेले. भावजी म्हणाले, सेन्सर बदलून बघतो, पण वहिनी, साहेबांना विचारलंत का? त्यांचा आवाज मला आवडला नाही.
विचारीन म्हटलं. विचारीन म्हणजे योग्य वेळी. छातीत थोडं धडधडलं. चहा जास्त झाला असेल, एक कप कमी करायचा.

१४ नोव्हेंबर. संध्याकाळ.
आज अभ्यासिकेत प्रोग्रॅम भरला. दवाखान्यात अडकल्यामुळे भावजी येऊ शकले नाहीत, तेव्हा सगळी भिस्त माझ्यावर. इलेक्ट्रिशियनने वायर जोडून दिली. हे फोनवर सांगत होते. रंगारी, सुतार, बाकं वाहणारे, नुसती वर्दळ. दिवे लख्ख.
शेवटी हे म्हणाले, सगळे गेले की एका खुर्चीवर अर्धा तास बस. हलू नकोस, पुस्तक वाचतेस असं समज. दिवा राहिला तरच पास म्हण.
बसले. म्हणजे बसल्यासारखंच. समोरच्या कपाटावर बोटभर धूळ! ती पुसली, तर शेजारचं कपाट वाईट दिसायला लागलं. मग खिडक्या. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. दिवा मुळीच गेला नाही.
घरी येऊन ह्यांना सांगितलं, पास. ह्यांनी दोनदा विचारलं, बसली होतीस ना? म्हटलं, मग काय उभी होते? त्यावर ह्यांनी तपासणीच्या कागदावर सही केली. मी कागद धरला, कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं.

१७ नोव्हेंबर. रविवार.
भावजींचे चार मिस्ड कॉल. उद्या कार्यक्रम झाला की निवांत बोलू. देवाला सांगितलं, उद्याचा दिवस तेवढा सांभाळ, पुढचं मी बघते.

१८ नोव्हेंबर. दुपार.
सगळं छान सुरू झालं. मी आणि हे पहिल्या रांगेत, ह्यांना काळा चष्मा. अध्यक्षबाई म्हणाल्या, ही शांततेची जागा आहे, चला, आपण सगळे मिळून ही शांतता अनुभवू या. सगळे डोळे मिटून बसले.
दिवे गेले.
कुणीतरी खुर्ची सरकवली, आले. पुन्हा शांतता, पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी मागून एकजण म्हणाला, इथे अभ्यास करायचा की कवायत? हशा. मी उभी राहून दोन्ही हात हलवत होते. माझ्यामुळे निदान पुढच्या रांगेला उजेड मिळत होता.
ह्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. हळूच विचारलं, वेळ किती घातलीस? म्हटलं, वीस. वीस काय? मिनिटं. हे म्हणाले, तो चौकोन सेकंदांचा आहे.
म्हणजे ते चोवीसशे... चाळीसच मिनिटं. मग शेजारी तसं लिहायचं ना! नुसता आकडा ठेवतात का असा?
सेक्रेटरी आले. म्हणाले, दिवे पाच मिनिटांत दुरुस्त होतील हो. पण अर्धा तास बसून तपासलं अशी तुमची सही आहे. आगीच्या घंटेच्या तपासणीवरही तुमचीच सही आहे. आता त्या सहीचं आम्ही काय करायचं?
हे उठले. म्हणाले, वेळ मी चुकीची सांगितली. तपासलंही मीच नाही.
मी तोंड उघडणारच होते. पण नवरा चारचौघांत बोलत असताना बायकोने मध्ये तोंड घालू नये, हे आमच्या आईने शिकवलेलं.

२० नोव्हेंबर.
देखभालीचं काम दुसऱ्यांना गेलं. ह्यांनी एका सकाळीत सगळे नमुने जुन्यासारखे केले, चष्मा वर सारून, माझं न ऐकता. दवाखाना शांत झाला. भावजी येऊन बसले. ‘वहिनी’ म्हणाले नाहीत. चहा नको म्हणाले.
हे चिडले नाहीत. डॉक्टरीणबाईंचं तेवढं तरी पाळलं. चिडले असते तर बरं वाटलं असतं. डोळ्यासाठी नव्हे, असंच.

२ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळ.
हे सकाळच्या गाडीने गेले. लॅपटॉप घेऊन गेले. लायब्ररीचा पासवर्ड बदललाय, नवा मला सांगितला नाही. डोळ्यांच्या औषधाने विसरायला होतं.
पोहोचल्याचा फोन आला. विचारलं, जेवलात का? हो म्हणाले. खोली कशी आहे? बरी आहे. आणखी काही विचारायचं होतं. राहिलं.
तपासणीचा बोर्ड इथेच आहे. त्याच्यात अजून माझेच वीस आहेत, ह्यांनी बदलले नाहीत. त्याच्याच उजेडात लिहिते आहे, मोठा दिवा लावून वीज कशाला घालवायची. लिहिणारा हात त्याला दिसत नाही. दर दोन ओळींनी उठून उभं राहावं लागतं.
इथवर लिहून वही मिटली. ठरवलं, ह्यांनी सांगितलं होतं तसं बसायचं. खुर्चीत, अर्धा तास, न हलता. धूळ होती समोर. दिसली नाही असं केलं.
दिवा गेला. हात हलवला नाही.
मग उठून मोठा दिवा लावला आणि हे पुढचं लिहिलं. अंधारात घड्याळ दिसत नव्हतं. अर्धा तास झाला, असं धरते.