कोनाड्याचा बाण

अण्णा,

मागच्या सोमवारी घरी आलं ते असं: वर्तमानपत्रात गुंडाळलेला ट्रेसिंगचा जुना कागद एक, आणि एक सीडी. घेऊन येणाऱ्या माणसाच्या रिक्षाचे पंचवीस रुपये मी दिले, चहा निराळा. वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं आहे, फडताळात अंथरायला होईल. माणूस अंजूर गावचा, वयस्क, गुडघ्यांनी अधू. दारातूनच म्हणाला, "वैनी, सायेब म्हनले पानी लागू देऊ नको. जुना हाय." मी म्हटलं, जुनं सांभाळायची सवय आहे मला. तर म्हणतो, "मंग माजं गुडघं पन ठेवून घ्या." किती दिवसांनी घरात कुणी हसलं.

तुम्हाला हे कळायचं तर आधीचं सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती ती माझी लेक, ती नकाशे काढायला शिकली. शाईने नाही, कंप्युटरवर. टीव्हीसारखी काच असते आणि रेघा तिच्यात उमटतात. गावातल्या एका ऑफिसचं काम ती घरी आणून करायची आणि मी शेजारी मटार सोलत बघत बसायची. बघता बघता मलाही थोडं यायला लागलं. गेल्या वैशाखात तिचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. हे तर त्याआधीच देवाघरी गेले. कंप्युटर राहिला. जुन्या साडीचं झाकण शिवलंय त्याला, आणि सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय मी तो सुरू करत नाही. मलाही थोडं येतं हे ऑफिसच्या साहेबांना लेकीकडून कळलं असणार. फोनवर म्हणाले, "काकू, भिंती आमच्या पोरांनी काढल्यात. तुम्ही जुना कागद बघून नावं आणि बाण तेवढे घाला. मालक भाऊभाऊ आहेत, वाटणीला नकाशा हवाय, म्हणून सगळं मराठीतच राहू दे." पूर्णा गावाकडची यंत्रमागांची, लूमची शेड आहे. वाटणी झाली की ती पाडणार आणि तिथे गोडाऊन होणार. तिकडे आता सगळी गोडाऊनच.

मी कागद उलगडला आणि उभीच राहिले. कुणी सांगायची गरज नव्हती. वेलांटी देताना तुमचा हात जरा उजवीकडे झुकायचा, तशी प्रत्येक वेलांटी झुकलेली. 'मालाची खोली', 'मीटर', 'पाण्याची टाकी'. वरच्या कोपऱ्यात मालकाचं नाव, इंजिनिअरचं नाव, काढणाऱ्याचं कुठेच नाही. तुमचं नाव कधीच नसायचं. एवढ्या खोल्यांना नावं देत आयुष्य गेलं तुमचं.

आपलं ते स्वयंपाकघर आठवतं आहे. उजेड चांगला तिथेच, म्हणून नकाशे काढायचा तुमचा फळा खिडकीशी, आणि फळ्यावर कागद असला की आईला फोडणी घालायची बंदी. "तेलाचा एक थेंब उडाला तर आठवडा गेला," असं तुम्ही म्हणायचात, आणि आई म्हणायची, "मग शेडच वाढते पानात, मीठ लावून खा." मी सातवीत असेन. तुम्ही अंघोळीला गेला होतात आणि शाईचा पेन उघडा होता. दाराजवळ भिंतीत एक कोनाडा दाखवला होता, नखाएवढा चौकोन. त्याचं नाव राहिलं होतं. मला वाटलं आपण मदत करावी. चौकोन एवढासा, म्हणून जीव मुठीत धरून मी मुंगीच्या पायासारखी अक्षरं काढली: देवाचा कोनाडा. चौकोनाबाहेर एकही जाऊ दिलं नाही. तुम्ही ओल्या अंगाने येऊन पाहिलंत. मारलं नाहीत. अर्धं ब्लेड घेतलंत, ती शाई कागदावरून खरवडून काढलीत, त्या जागेवर नखाने घासलंत आणि म्हणालात, "जागा लहान म्हणून अक्षर लहान करायचं नसतं. वाचणाऱ्याचा डोळा तेवढाच असतो. आत मावत नसेल तर बाहेर लिही आणि बाण दे." मग बाहेरच्या मोकळ्या जागेत ठसठशीत लिहिलंत आणि तिथून कोनाड्यापर्यंत एक बाण ओढलात. तुमच्या बाणाला टोक भरीव नसायचं, चिमणीच्या पावलासारखं उघडं असायचं. मी दिवसभर रुसले होते. जेवताना तुम्ही म्हणालात, "अक्षर मात्र बरं आहे हिचं." मला नाही, आईला.

त्या सोमवारीच दुपारी तो कागद मी खिडकीवर धरला. दाराजवळच्या चौकोनात कागद पातळ झालेला आहे. उजेड तिथून जरा जास्त येतो. तोच कागद, अण्णा. सगळ्या भिवंडीतून तोच माझ्याकडे आला. देवीची इच्छा म्हणायची, दुसरं काय म्हणणार. संध्याकाळी वज्रेश्वरीच्या फोटोपुढे साखर ठेवली.

आणि मग मी काय केलं ते ऐका. मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला तुमची लाकडी पट्टी दिली होतीत. कॉलेजचं जमणार नव्हतं, त्याऐवजी पट्टी. ती मी काढली. तुमचं एक अक्षर मोजलं, तीन मिलिमीटर भरलं. मग तीच पट्टी कंप्युटरच्या काचेवर लावली आणि काचेवरचं अक्षर तीन मिलिमीटर होईपर्यंत आकडा बदलत राहिले. मला नीट दिसावं म्हणून एकेक कोपरा जवळ आणून मोठा करायचा, तिथे पट्टी लावायची, पुढच्या कोपऱ्यात परत तेच. रस्त्याचं नाव घालायला सगळा नकाशा लांब नेला, तिथेही पट्टीने तीनच. मन लावून केलं, अगदी रांगोळीसारखं. सीडीवर भरून अंजूरच्या माणसाकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. "काकू, नावं घातलीत की खसखस पेरलीत?" पाठोपाठ छापलेला कागद आला. मालाची खोली, मीटर, टाकी, सगळे नुसते ठिपके. बाणांची टोकं तर नाहीतच, रेघा आपल्या तशाच लोंबलेल्या. आणि 'रस्ता' एवढा मोठा की शेडवरून गाडी जाईल.

लेकीला फोन लावला. एसटीडी आहे म्हणून मोजकं बोलायचं ठरवलं होतं, पण तिला हसूच आवरेना. "आई, काचेवर पट्टी लावलीस? अगं, काच म्हणजे कागद नाही. तू जवळ आणलंस तर मोठं दिसतं, लांब नेलंस तर लहान." मी म्हटलं, मग खरं माप कुठलं? म्हणाली, "आत भिंती खऱ्या मापाने असतात, तीस मीटरची शेड तीस मीटरच. छापताना सगळं शंभरपट लहान होतं, अक्षरंसुद्धा. म्हणून कागदावर तीन हवं तर आत तीनशे द्यायचं. बाणांच्या टोकांना वेगळा आकडा असतो, तिथे शंभर टाक." मग मागून कुणीतरी तिला हाक मारली. "ठेवते गं, इकडे पाहुणे आलेत." इकडे म्हणजे तिच्या घरी. मी फोन ठेवला आणि तुमचं म्हणणं आठवत बसले. तुम्हीही तेच सांगत होतात. भिंत लहान होते, वाचणारा लहान होत नाही. फक्त तुमच्याकडे त्याला आकडा नव्हता, हात होता.

तरी आणखी एकदा चुकले. वेळ वाचवायला म्हणून सगळी नावं एकदम पकडली आणि एकदम मोठी केली. ती मोठी झाली, पण आपली जागा सोडून पांगली. मीटर कुंपणाबाहेर, टाकी रस्त्यापलीकडे. बाण मात्र होते तिथेच, भिंतीकडे टोक करून, मागे नाव नसलेले. तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडे लाइट गेली की शेजारचे लूमही थांबतात. चोवीस तासांची खटखट एकदम बंद पडते आणि घर ऐकू येतं. नळाचा थेंब, घड्याळ. मी काळ्या काचेपुढे बसून होते आणि ती पांगलेली नावं डोळ्यांपुढून जाईनात. एक नाशिकला, एक देवाघरी, तुम्ही दोघं कधीचे. आणि मी इथे टोक करून बसलेली.

लाइट आल्यावर पुन्हा सुरुवात केली. एकेका नावाला त्याच्याच जागेवर धरायचं आणि तिथल्या तिथे मोठं करायचं. हळू होतं ते. शेजारी तुमचा कागद, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवलेल्या. तुमचं एक नाव वाचायचं, माझं एक घालायचं. तुम्ही बाण कुठून वळवलात, दोन बाण एकमेकांना छेदू नयेत म्हणून कुठे थांबलात, ते मला आत्ता कळत होतं. असे चार दिवस गेले. या चार दिवसांत मी रेडिओ लावला नाही.

मध्ये धीर करून साहेबांना विचारलं, काम झाल्यावर जुना कागद मला मिळेल का? ते म्हणाले, "तो कशाला तुम्हाला? मालकाचा आहे, द्यावाच लागेल." बरोबरच आहे. दुसऱ्याची वस्तू. वडिलांचं अक्षर आहे असं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी मालकाला विचारलंही असतं. पण मालक नाही म्हणाले असते तर मग मी काय केलं असतं? मग साहेब म्हणाले, "आणि तो कोनाडा सोडून दिलात तरी चालेल हं. शेडच राहणार नाही, देवाला कोण विचारतो."

ते बोलणं मला लागलं. कोनाडा मी सोडणार नाही.

हे सगळं मी त्या खसखशीच्या कागदाच्या पाठीवर लिहिते आहे. पाठ कोरी होती, वाया कशाला घालवायची. त्याला तिकीट लागणार नाही, तो फडताळातच राहील. उद्या अंजूरचा माणूस यायचा आहे. एक तुम्हाला सांगायचं राहिलं. काम कालच झालं. 'देवाचा कोनाडा' असं बाहेर मोकळ्या जागेत लिहूनही झालं, तीनशेच्या मापाने, ठसठशीत. बाण तेवढा घातलेला नाही. तो घातला की काम संपलं, आणि काम संपलं की कागद गेला. साहेबांना म्हटलं, थोडं राहिलंय. खोटं बोलले नाही.

तर आज बाण घालून टाकू, की त्या माणसाला चहा पाजून आणखी दोन दिवस मागून घेऊ, ते तुम्ही सांगा. पत्ता तुम्हाला ठाऊक आहे. उलट टपाली दोन ओळी टाका. अक्षर बारीक झालं तरी चालेल, मी खिडकीशी धरून वाचीन.